थंड बाथरूमच्या भिंतींना आतून इन्सुलेशन: जुन्या ब्रिटिश घरासाठी टप्प्याटप्प्याने

इंग्लंडमधल्या १९१९ च्या आधीच्या टेरेस घरात (एकमेकांना भिंत लागून असलेल्या घरांच्या ओळीतल्या घरात) बाथरूम बहुधा मागे निघालेल्या अरुंद भागात असतं. त्याच्या दोन, कधी तीन भिंती थेट बाहेरच्या. नऊ इंची भरीव वीट, मध्ये पोकळी नाही. जानेवारीत सकाळी टाइलला हात लावला तर झटकन मागे घ्यावा लागतो आणि अंघोळ झाली की भिंतींना घाम सुटतो. मग नूतनीकरण काढल्यावर "फोडतोच आहोत तर इन्सुलेशनही करून टाकू" असं ठरतं. बिल्डर दोन दिवसांत बोर्ड चिकटवतो, वर टाइल बसते. दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात खालच्या कोपऱ्यातून कुबट वास यायला लागतो.

अशा कामात बोर्ड सहसा चांगलाच असतो. बिघडतं ते बोर्डाच्या मागे. तिथे बाहेरून पाणी येऊ द्यायचं नाही, आतून वाफ जाऊ द्यायची नाही आणि मुळात तिथे रिकामी जागाच ठेवायची नाही. पुढचे सगळे टप्पे याच तीन गोष्टींसाठी आहेत. त्यांचा क्रम बदलला की काम फसतं.

आधी थोडे आकडे

बाहेर ० अंश आणि आत २० अंश धरा. भरीव नऊ इंची भिंतीचा यू-व्हॅल्यू (भिंतीतून ऊब किती वेगाने निसटते त्याचा आकडा, जितका कमी तितकं चांगलं) साधारण २.१ असतो, त्यामुळे तिचा आतला पृष्ठभाग साडेचौदा अंशांवर राहतो. २० अंशांच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू जवळपास तेवढाच, १४.४ अंश आहे. शॉवर सुरू झाला आणि आर्द्रता सत्तरच्या वर गेली की भिंतीवर पाणी जमणारच.

५० मिमी जाडीचा एक्सपीएस टाइल-बॅकर बोर्ड (घट्ट पॉलिस्टायरीन फोमचा, ज्यावर थेट टाइल बसते असा) लावला, की यू-व्हॅल्यू ०.५ च्या आसपास येतो आणि पृष्ठभाग पावणेएकोणीस अंशांवर जातो. ऐन वाफेत चार थेंब दिसतील, पण ते लगेच सुकतील.

आता त्याच भिंतीची दुसरी बाजू बघा. विटेची आतली बाजू आधी खोलीच्या उबेत होती. बोर्ड लागल्यावर ती साडेतीन अंशांवर उतरते. खोलीतली ती २० अंशांची दमट हवा एखाद्या फटीतून तिथवर पोचली, तर दर घनमीटर हवेमागे सुमारे ६ ग्रॅम, म्हणजे चमचाभराहून जास्त पाणी विटेवर सोडते. ते पाणी दिसत नाही, पुसता येत नाही. इन्सुलेशन जितकं जाड, तितकी मागची वीट थंड. म्हणून "जाड लावा, काळजी मिटेल" हा सल्ला फटी बंद केल्याशिवाय धोक्याचा आहे.

टप्पा १: भिंत कोणती आहे ते ओळखा

बाहेरून विटांची रचना बघा. एक लांब वीट, एक आखूड डोकं, पुन्हा लांब अशी असेल तर भिंत भरीव आहे. सगळ्या विटा लांबच दिसत असतील तर बहुधा पोकळीची भिंत आहे. खात्रीसाठी खिडकीपाशी जाडी मोजा आणि आतला गिलावा त्यातून वजा करा. उरलेली वीट २२०-२३० मिमी असेल तर भरीव. पोकळीच्या भिंतीचं काम वेगळं असतं, आधी पोकळी भरायचा विचार करावा लागतो. पुढचं सगळं भरीव भिंतीसाठी आहे.

भिंत नैर्ऋत्येकडे उघडी असेल आणि घर कॉर्नवॉल किंवा वेल्ससारख्या पाऊस झोडपणाऱ्या भागात असेल, तर तज्ज्ञाकडून ओलाव्याची तपासणी केल्याशिवाय आतून बोर्ड लावू नका. तिथे पावसाचं पाणी विटेत खोलवर मुरतं आणि आतली ऊब बंद झाल्यावर ते सुकत नाही.

टप्पा २: परवानगी आणि जागेचं गणित

इंग्लंडमध्ये बाहेरच्या भिंतीचा ५० टक्क्यांहून जास्त भाग नव्याने गिलावा किंवा आवरण लावण्यासाठी उघडला, की बिल्डिंग कंट्रोलला (बांधकामाचे नियम तपासणाऱ्या यंत्रणेला) कळवावं लागतं. आतून इन्सुलेशन केलेल्या भिंतीसाठी त्यांचं लक्ष्य ०.३० यू-व्हॅल्यूचं आहे. त्यासाठी पीआयआर जातीचा (एक्सपीएसपेक्षा जास्त ऊब अडवणाऱ्या फोमचा) बोर्ड ६५ ते ७० मिमी जाड लागतो, आणि वर टाइलसाठी वेगळा सिमेंट बोर्ड. छोट्या बाथरूममध्ये हे परवडत नाही. खोलीचं क्षेत्रफळ ५ टक्क्यांहून जास्त घटत असेल तर कमी जाडी मान्य करण्याची सोय नियमांतच आहे. २.४ मीटर बाय १.७ मीटरच्या बाथरूममध्ये दोन भिंतींवर टाइलसकट ७० मिमी गेले तरी जवळपास ७ टक्के जागा जाते. हे गणित कागदावर मांडून अधिकाऱ्याला दाखवा आणि मान्यता लेखी घ्या. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत. घर संरक्षित वारशाच्या यादीत असेल तर आतल्या कामालाही परवानगी लागते.

आता टबाकडे या, कारण इथे हमखास चूक होते. बाजारातला ठरलेला टब १७०० मिमी लांब असतो. जुन्या घरांत तो दोन भिंतींच्या मध्ये नेमका बसवलेला असतो. त्यातल्या एका भिंतीवर ७० मिमी चढले की नवा टब बसतच नाही. मग मिस्त्री टबाच्या उंचीएवढा बोर्ड कापून टाकतो, टब सरळ विटेला टेकतो आणि सगळ्यात ओली, सगळ्यात थंड जागा उघडी राहते. टब, कमोड, दरवाजा यांची मापं बोर्ड, चिकट (चिकटवायचा मसाला) आणि टाइल धरून आधी काढा. गरज असेल तर १६०० किंवा १५०० मिमीचा टब मागवा, किंवा टब दुसऱ्या दिशेने वळवा.

तपासणी: तयार भिंतीची रेषा जमिनीवर खडूने आखा. त्या रेषेच्या आत दरवाजा पूर्ण उघडतो का? कमोडवर बसल्यावर गुडघ्यांपुढे जागा उरते का? खिडकीची चौकट किती मिमी दिसते? तिथे १० मिमीचा बोर्ड आणि टाइल बसल्यावर खिडकी उघडायला हवी.

टप्पा ३: आधी बाहेरचं पाणी थांबवा

हे काम आतलं सामान मागवण्याच्याही आधी करा. पाऊस पडत असताना छत्री घेऊन मागच्या बाजूला जा आणि भिंतीकडे दहा मिनिटं बघा. पन्हळीच्या सांध्यातून पाणी ओघळतंय का? उभा पाइप भिंतीला चिकटलेल्या बाजूने फुटलाय का? तिथे हिरवट पट्टा दिसतो. खिडकीच्या उंबऱ्याखाली पाणी गळून पडण्यासाठी खाच असते, ती रंगाने बुजली आहे का? बाहेरची जमीन किंवा फरशी आतल्या जमिनीच्या वर आली आहे का?

विटांमधल्या दरजा बोटाने खरवडून बघा. जुन्या घरांत त्या चुन्याच्या असतात. भुसभुशीत झाल्या असतील तर चुन्यानेच भरा. कडक सिमेंटने भरल्या तर पाणी दरजेतून बाहेर पडायच्या ऐवजी विटेत अडकतं आणि थंडीत विटेचा पापुद्रा सुटतो. बाहेर प्लॅस्टिकसारखा रंग असेल तर तो काढावा लागेल. एक्सपीएस बोर्ड लागल्यावर भिंतीला सुकायला बाहेरची एकच बाजू उरते, ती आपणच बंद करून चालणार नाही.

टप्पा ४: फोडाफोडी, पण दोन गोष्टी तपासल्यावरच

सावधान: ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. २००० च्या आधी काम झालेल्या कोणत्याही बाथरूममध्ये ते असू शकतं. नक्षीदार खरबरीत छत, जमिनीच्या जुन्या विनाइल टाइल आणि त्यांचा काळा चिकट, टबाच्या बाजूचं पॅनेल, पाइप झाकणारी पेटी, या जागा खास. नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय घासू, तोडू किंवा ड्रिल करू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तो कोरडा घासायचा नाही.

मग पाणी आणि वीज बंद करून भिंत विटेपर्यंत उघडी करा. जुन्या टाइल आणि फुगलेला गिलावा ठेवून त्यावरच बोर्ड चिकटवणं म्हणजे बोर्डाचं वजन सुटणाऱ्या थरावर टांगणं. जुन्या जिप्सम गिलाव्याला तर बाहेरच्या भिंतीवर ठेवूच नका. तो पाणी धरतो आणि त्यावर सिमेंटचा चिकट सरळ लावला तर दोघांमध्ये रासायनिक क्रिया होऊन थर सुटतो. तोंडावर एफएफपी३ दर्जाचा मास्क हवा, विटेची धूळ फुफ्फुसात बसते.

बाथरूम वरच्या मजल्यावर असेल तर बाहेरच्या भिंतीलगतची जमिनीची एक-दोन पाट (लाकडी फळ्या) उचला. लाकडी जॉइस्टची (जमीन पेलणाऱ्या तुळयांची) टोकं भिंतीत घुसलेली दिसतील. टोचणीचं ओलावा-मीटर टोकाशी लावा. २० टक्क्यांच्या वर आकडा आला किंवा टोचणी लाकडात सहज शिरली, तर काम थांबवून आधी ते लाकूड बघा. टोकं कोरडी असतील तर जॉइस्टभोवतीची फट लवचिक सीलंटने बंद करा आणि दोन जॉइस्टच्या मधल्या उघड्या विटांवर गिलाव्याचा पातळ हात मारा. टोकांभोवती इन्सुलेशनची लोकर कोंबू नका.

टप्पा ५: सुकायला वेळ द्या

घाई नडते ती इथेच. उघडी भिंत हाताला कोरडी लागते, पण आत ओली असते. दोन आठवडे हा किमान वेळ धरा, पन्हळ गळत होती तिथे दोन महिनेही लागतात. खोलीत डीह्युमिडिफायर, खिडकी-दरवाजा बंद आणि हलकी ऊब, असं चालू ठेवा. गॅसची पेटती शेगडी मात्र नको, ती हवेत पाणीच सोडते.

तपासणी: हातभर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने विटेवर चिकटवा. २४ तासांनी उचला. आतल्या बाजूला थेंब असतील किंवा वीट गडद झाली असेल, तर अजून थांबा. हा प्रयोग तीन जागी करा: जमिनीजवळ, खिडकीखाली, बाहेरच्या कोपऱ्यात.

टप्पा ६: भोकं आणि पंखा, बोर्डाच्या आधी

पंख्यासाठी भिंतीत भोक पाडायचं असेल तर आत्ताच. १०० मिमीच्या डक्टसाठी (हवा बाहेर नेणाऱ्या नळीसाठी) ११७ मिमीचं कोर-बिट (गोल भोक कापणारं ड्रिलचं पातं) वापरतात. भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं ठेवा, म्हणजे डक्टमध्ये जमलेलं पाणी पंख्यात परत येणार नाही.

पंखा सेकंदाला १५ लिटर हवा खरोखर ओढणारा हवा. खोक्यावरचा आकडा डक्टशिवाय मोजलेला असतो. लांब, सुरकुतलेल्या लवचिक नळीतून तोच पंखा निम्मीही हवा ओढत नाही. शक्य तितका सरळ, कडक डक्ट घ्या. पोटमाळ्यातून जात असेल तर त्यावर इन्सुलेशन चढवा. आपल्या उदाहरणातली खोली २.४ मीटर उंचीची धरली तर तिच्यात पावणेदहा घनमीटर हवा असते. १५ लिटरच्या वेगाने ती एकदा बदलायला ११ मिनिटं लागतात. म्हणून दिवा बंद झाल्यावर पंखा किमान १५-२० मिनिटं चालेल असा टायमर हवा. दाराखाली तयार जमिनीपासून १० मिमी फट ठेवा. आत हवा आली नाही तर पंखा काय बाहेर टाकणार?

पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीत ठेवू नका. जुने असतील तर आतल्या भिंतीत वळवा, किंवा तयार टाइलच्या पुढे पेटीत घ्या. बोर्डाच्या पाठीत खाच पाडून पाइप लपवणं ही फार पसरलेली चूक आहे. तो पाइप आता साडेतीन अंशांच्या विटेला टेकलेला असतो आणि खोलीची ऊब त्याच्यापर्यंत येत नाही. पहिल्या कडक थंडीत तो गोठू शकतो आणि फुटला तर कळतही नाही.

विजेचं काम नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडूनच. शॉवर आणि टबाभोवतीच्या ठरवलेल्या क्षेत्रांत काय बसवायचं याचे नियम कडक आहेत. त्याला दोन गोष्टी आवर्जून सांगा. पीव्हीसी वायर पॉलिस्टायरीनला थेट टेकली तर तिचं आवरण कालांतराने कडक होतं, म्हणून ती कंड्युइटमधून (वायरसाठीच्या नळीतून) घ्यायची. आणि बाहेरच्या भिंतीत स्विचचा डबा खोदायचा नाही.

टप्पा ७: विटेवर सलग हात

हा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो. माझ्या मते बोर्डाच्या जाडीपेक्षा तो महत्त्वाचा आहे. उघड्या जुन्या भिंतीत उघड्या दरजा, तुटके कोपरे, जुन्या खिळ्यांची भोकं असतात. त्यावर ८ ते १० मिमी हायड्रॉलिक (पाण्याने घट्ट होणाऱ्या) चुन्याचा गिलावा जमिनीपासून छतापर्यंत सलग द्या, जॉइस्टच्या पोकळीतही. याने वारा अडतो आणि बोर्डाला सपाट पाठ मिळते. वीट आधी ओलसर करा, पण पाणी ओघळू देऊ नका. चुना सावकाश घट्ट होतो. आठवडाभर तरी वाट बघा आणि ५ अंशांच्या खाली तापमान जाणार असेल तर काम काढू नका.

तपासणी: दोन मीटरची सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी लावा. पट्टीखाली कुठेही ४ मिमीहून जास्त उजेड दिसला तर तिथे पुन्हा हात मारा. ओळंबाही आत्ताच बघून घ्या. वाकड्या भिंतीची भरपाई पुढे चिकटाच्या गोळ्यांनी करायची पाळी आली, की मागे पोकळी झालीच.

टप्पा ८: सामान मोजा

दोन बाहेरच्या भिंती, २.४ आणि १.७ मीटर, उंची २.४ मीटर. क्षेत्रफळ ९.८४ चौरस मीटर. ०.६ बाय १.० मीटरची खिडकी वजा केली की ९.२४. बोर्ड बाहेरच्या भिंतीपाशी थांबत नाही. तिला काटकोनात भेटणाऱ्या आतल्या भिंतींवर तो ३०० मिमी तरी वळवायचा असतो, कारण तो पट्टा बाहेरच्या विटेला लागून असल्यामुळे थंड राहतो आणि बुरशी तिथेच येते. अशा दोन पट्ट्यांचे १.४४ चौरस मीटर धरा. दहा टक्के वाया गेलं तर एकूण ११.७५. बोर्ड १२०० बाय ६०० मिमीचा, म्हणजे ०.७२ चौरस मीटरचा असतो. १७ बोर्ड लागतील. वळवलेल्या पट्ट्यावर पायरी दिसू नये म्हणून यातले तिथले बोर्ड ५० ऐवजी २० मिमीचे घेऊन उरलेल्या भिंतीवर गिलावा त्या पातळीला आणतात.

बाकी सामान: खिडकीच्या कडांसाठी १० किंवा १२ मिमीचे दोन-तीन बोर्ड. लवचिक सी२ दर्जाचा सिमेंट चिकट २० किलोच्या चार पिशव्या, टाइलसाठीचा वेगळा. रुंद वॉशरचे धातूचे अँकर, ११० मिमीच्या आसपास लांब, प्रत्येक बोर्डाला पाच-सहा. नेमकी संख्या बोर्डाच्या माहितीपत्रकातून घ्या. सांध्यांसाठी एमएस पॉलिमर सीलंट, जाळीची पट्टी, कोपऱ्यांसाठी जलरोधक टेप, कमी फुगणारा फोम, टँकिंगचा (ब्रशने लावायच्या जलरोधक लेपाचा) डबा आणि प्रायमर.

साधा जिप्सम प्लास्टरबोर्ड चिकटवलेलं इन्सुलेशन स्वस्त पडतं, पण शॉवरच्या भिंतीला ते नको. ग्राउटमधून झिरपलेल्या पाण्याने जिप्सम मऊ होतं.

टप्पा ९: बोर्ड चिकटवणं

१. गिलाव्याची धूळ ओल्या ब्रशने काढा. माहितीपत्रकात सांगितलं असेल तर प्रायमर लावा.

२. खालच्या ओळीसाठी लेव्हल रेषा आखा. जमिनीपासून ५ मिमी वर राहा, खाली लाकडी पट्टी टेकवा.

३. चिकट १० मिमी दात्याच्या करणीने भिंतीवर पूर्ण पसरा, आणि बोर्डाच्या पाठीवरही पातळ थर घासा. गोळे ठेवून बोर्ड दाबायची डॉट-अँड-डॅब पद्धत ब्रिटनमध्ये सर्रास चालते. आतल्या भिंतीला ती चालेल. बाहेरच्या भरीव भिंतीवर गोळ्यांच्या मधली हवा खालून वर फिरत राहते आणि ते चमचाभर पाणी रोज विटेवर आणून ठेवते.

४. बोर्ड दाबून थोडा सरकवा, म्हणजे दात्यांच्या रेषा मोडतील. लेव्हल आणि ओळंबा लगेच बघा.

५. पुढचा बोर्ड लावायच्या आधी आधीच्या बोर्डाच्या कडेला सीलंटची अखंड रेषा द्या. बोर्ड भिडले की सीलंट पुढे ओघळायला हवं. ओघळलं नाही तर आत फट आहे.

६. वरच्या ओळीचे उभे सांधे खालच्याशी जुळू देऊ नका, विटांसारखे अर्ध्यावर फोडा.

तपासणी: पहिला बोर्ड लावल्यावर पाच मिनिटांनी तो करणीने पुन्हा ओढून काढा. पाठीवर चिकट सगळीकडे पसरलेला दिसला पाहिजे. टक्कल दिसलं तर थर जाड करा किंवा भिंत पुन्हा सपाट करा. चिकट वाया जाईल, पण पुढचे सोळा बोर्ड सुधारतील.

७. २४ तासांनी अँकर मारा. ते विटेत किमान ४० मिमी जायला हवेत. दरजेत मारू नका, चुना त्यांना धरत नाही. वॉशर बोर्डात किंचित दाबून पातळीत आणा.

८. खिडकीच्या कडा, वरचा माथा आणि खालचा ओटा, तिन्ही ठिकाणी पातळ बोर्ड. कडा उघड्या ठेवल्या तर आधी जो घाम भिंतभर सुटायचा तो आता सगळा त्या चार पट्ट्यांत गोळा होतो.

९. जमिनीजवळची ५ मिमी फट, छताजवळची फट, पंख्याच्या डक्टभोवतीची जागा फोमने भरा. फोम सुकल्यावर कापून वरून सीलंट.

बेसिन किंवा टॉवेल-रेडिएटर या भिंतीवर टांगू नका, आतल्या भिंतीवर घ्या. पर्यायच नसेल तर बोर्डातून आरपार जाणारे, विटेत रेझिनने बसवलेले स्टेनलेस स्टीलचे रॉड लागतील आणि त्यांच्या जागा आत्ताच आखाव्या लागतील.

टप्पा १०: टँकिंग

सांध्यांवर जाळीची पट्टी आणि चिकटाचा पातळ हात. भिंत-भिंत आणि भिंत-जमीन कोपऱ्यांत जलरोधक टेप. मग अँकरच्या प्रत्येक वॉशरवर आणि पाइपांच्या तोंडांभोवती टँकिंगचा ब्रश आधी फिरवा, त्यानंतर शॉवरच्या पूर्ण भागावर दोन हात, दुसरा पहिल्याला काटकोनात. उंची किमान दोन मीटर, टबाच्या कडेच्या खाली १०० मिमी. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा.

मराठी घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पुण्या-नाशिकच्या बाथरूममध्ये जमिनीला उतार आणि जाळीचा ट्रॅप असतो, त्यामुळे बादली-तांब्याची अंघोळ आणि धुवाधुवी सहज चालते. इथल्या वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची जमीन लाकडी पाटांची असते, ट्रॅप नसतो. तशी सवय ठेवायची असेल तर ट्रॅप आणि पूर्ण टँकिंग असलेली ओली जमीन आत्ताच बांधून घ्या. नुसत्या टाइलखाली लाकूड सडेल, आणि सडायला सुरुवात त्या जॉइस्टच्या टोकांपासून होईल.

टप्पा ११: टाइल, ग्राउट, सिलिकॉन

टाइलचं वजन आधी बघा. सिरॅमिक टाइल चौरस मीटरला १५ किलोच्या आसपास, १० मिमी पोर्सेलीन २२ ते २५ किलो, वर चिकटाचे तीन-चार किलो. बोर्डाची क्षमता माहितीपत्रकात असते. ओल्या जागी डब्यातला तयार चिकट वापरू नका, तो टाइलच्या मागे महिनोन् महिने सुकत नाही. पाण्यात कालवायचा सिमेंट चिकटच घ्या.

कोपऱ्यांत ग्राउट भरायचं नाही. तिथे भिंती हलतात, ग्राउटला चीर पडते. कोपरे आणि टबाची कड सिलिकॉनची. टबाला सिलिकॉन लावायच्या आधी तो पाण्याने भरा, सिलिकॉन घट्ट होईपर्यंत पाणी तसंच ठेवा आणि मग सोडा. रिकाम्या टबाला लावलेलं सिलिकॉन पहिल्याच अंघोळीत टब खाली दबला की सुटतं.

टप्पा १२: पहिला हिवाळा

२४ तास थांबून पहिला शॉवर घ्या. पंखा चालू, दार बंद. एक साधा आर्द्रतामापक भिंतीपासून दूर ठेवा. अंघोळ संपल्यावर तासाभरात आकडा ६० च्या आसपास उतरला पाहिजे. उतरत नसेल तर पंख्याचा डक्ट आणि दाराखालची फट तपासा. बाथरूममध्ये कपडे वाळत घालत असाल तर ते असेपर्यंत पंखा चालूच ठेवा.

पहिल्या जोराच्या पावसानंतर पुन्हा बाहेर जाऊन पन्हळ बघा. नोव्हेंबरात झाडांची पानं गळून ती तुंबते, आणि आतली भिंत आता कोरडी राहणार की नाही हे त्या पन्हळीवर ठरतं. जॉइस्टजवळची एक पाट खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवा, म्हणजे फेब्रुवारीत ती उचलून ओलावा-मीटर पुन्हा टोकाला लावता येईल. आकडा २० च्या खाली असेल तर पाट बंद करा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा बघा. वर असेल तर टाइलला हात न लावता आधी बाहेरच्या भिंतीकडे जा.